‘आम्ही विचारणार नाही’ या ओळीस मंजुरी मिळणेबाबत

माणसाने आपल्या मुलीसाठी काय वाटेल ते करावं, फक्त अर्ज करू नये. हे मी अनुभवाने सांगतो आहे.

अर्ज करणं हा माझा पेशा आहे आणि आता स्वभावही झाला आहे. ऑफिसात मी आवक-जावक विभागात बसतो. आलेल्या कागदावर ‘आवक’चा शिक्का, गेलेल्या कागदावर ‘जावक’चा. कागदात काय लिहिलंय ते आपण वाचायचं नाही आणि त्यावर आपलं मत तर मुळीच द्यायचं नाही, तो फक्त योग्य टेबलावर पाठवायचा. बायकोचं म्हणणं असं, की घरातही कोणी काही बोललं की मी आधी ते कोणाकडे पाठवायचं याचाच विचार करतो. हे म्हणणं मी ऐकून घेतलं आहे. पुढे कोणाकडे पाठवावं ते अजून ठरलेलं नाही.

तर आमच्या लेकीचा एक बँड आहे. बँड म्हटल्यावर शाळेच्या कवायतीतला बँड डोळ्यांसमोर येतो, हा तसला नव्हे. हिच्या बँडमध्ये तिघंच. लेक गिटार वाजवते आणि गाते, दातांच्या दवाखान्यात काम करणारी तिची मैत्रीण ड्रम वाजवते, आणि चष्म्याच्या दुकानातला एक उंच, अबोल मुलगा बेस, म्हणजे जाड तारांची गिटार, वाजवतो. बँडचं नाव ‘जाहीर दिलगिरी’. नाव ऐकून मला बरं वाटलं होतं, कारण निदान सुरुवात तरी सभ्य होती. संगीताचा प्रकार म्हणजे मेलोडिक पंक. म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं तेव्हा तिने सांगितलं, की पंक म्हणजे चिडून वाजवायचं, आणि मेलोडिक म्हणजे कितीही चिडलं तरी चाल सोडायची नाही. मला लगेच समजलं. तिच्या आईची बोलण्याची पद्धत साधारण अशीच आहे.

हा स्वतंत्र बँड आहे, असं ती अभिमानाने सांगते. स्वतंत्र म्हणजे यांच्यामागे कोणी कंपनी वगैरे नाही. गाणी यांनीच लिहायची, यांनीच वाजवायची, रेकॉर्डची वेष्टणंही यांनीच आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून दुमडायची. वेष्टणं दुमडायला मी बसलो होतो. कागद काठाला काठ लावून दुमडणं हे माझं क्षेत्र आहे. पण माझी वेष्टणं फार सरळ येतात म्हणून त्यांनी ती वेगळी काढून ठेवली.

अशा बँडांसाठी इंटरनेटवर एक मासिक निघतं. त्यात दर महिन्याला ‘नवे रिलीज’ म्हणून एक सदर असतं. लेक ते जेवताना वाचून दाखवते, म्हणून मलाही आता त्यातलं थोडंफार समजायला लागलं आहे. ‘गळका नळ’ यांची दुसरी रेकॉर्ड पहिलीपेक्षा बरी आहे. ‘माफ करा बाई’ यांनी ड्रमर बदलला आणि चूक केली. ‘उद्याचा नाश्ता’ यांची सगळी गाणी मिळून आमचा चहा होण्याआधी संपतात. या सदरात नाव आलं तर जगात जी काही थोडी माणसं असलं संगीत ऐकतात, ती तुमचं गाणं ऐकतात. नाही आलं तर तुमचं गाणं तुमचे आईवडील ऐकतात, तेही दार लावून घेतलं नसेल तर. ‘जाहीर दिलगिरी’ची पहिली रेकॉर्ड या महिन्याच्या सदरासाठी पाठवायची होती, रविवारी संध्याकाळपर्यंत. सगळं तयार होतं. राहिला होता फक्त शेवटच्या गाण्याचा कोरस.

तेव्हा लेक माझ्याकडे आली. हे मुद्दाम लिहितो, कारण शाळेच्या वह्यांना कव्हरं घालून घ्यायचं वय संपल्यापासून तिने माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. तिचं ती करते, आणि ते चांगलंच आहे असं मी सर्वांना सांगतो, पण मनातून ते मला लागतं.

ती म्हणाली, “बाबा, शेवटी सगळे मिळून एकच ओळ ओरडतात. ‘आम्ही विचारणार नाही’. आमचे तिघांचे आवाज कोवळे वाटतायत. मोठ्या माणसांचे पाहिजेत. आपल्या इमारतीतली थोडी माणसं जमवशील? रविवारी दुपारी, आपल्याच हॉलमध्ये. फक्त कोणाला फार सांगत बसू नकोस.”

मी म्हटलं, माझ्यावर सोड. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मी इमारतीच्या कमिटीला अर्ज केला.

आता मागे वळून पाहताना मला दिसतं, की ‘आम्ही विचारणार नाही’ ही ओळ ओरडण्यासाठी परवानगी विचारायला जाणं यात काहीतरी विसंगत आहे. पण तेव्हा माझ्यापुढे फक्त कामाची रीत होती. आमच्या इमारतीत गच्चीवर गादी उन्हात टाकायची तरी ठराव लागतो. शिवाय कागद हातात असला की पुढे कोणी बोट दाखवू शकत नाही, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. अर्जाचा विषय मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा नीट लिहिला. विषय चांगला जमला होता.

चेअरमन वाचत होते आणि मी त्यांच्या कपाळाकडे बघत होतो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं की कोणाला विचारणार नाही. मी म्हटलं, असं कोणाला विशेष नाही, गाण्यात आहे ते. ते म्हणाले की गाण्यात असलं तरी कोणाला तरी उद्देशूनच असणार. गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी कमिटीला न विचारता जिन्यात कुंड्या ठेवल्या, त्याचा आणि याचा काही संबंध आहे का? मी नाही म्हणालो. नको तितक्या घाईने म्हणालो, त्यामुळे त्यांचा संशय पक्का झाला. अर्ज बैठकीपुढे ठेवावा लागेल, असं ते म्हणाले. मी हो म्हणालो.

मधल्या काळात बातमी इमारतभर झाली आणि जो भेटेल तो सल्ला देऊ लागला. कुंड्यावाल्या काकू म्हणाल्या की ओळ उत्तम आहे, फक्त ती चेअरमनच्या दाराकडे तोंड करून म्हणायची. तळमजल्यावर एक मास्तर राहतात. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि ओरडणं हा शब्दच त्यांना मान्य नाही असं सांगितलं. गळा ही देणगी असते, ती अशी उधळायची नसते. मात्र ओळीला योग्य सूर लावून, दोन गट पाडून, शेवटचं अक्षर लांबवून म्हटली, तर आपण मार्गदर्शन करायला तयार आहोत. मी हो म्हणालो. चेअरमननाही मी हो म्हणालो होतो आणि काकूंनाही. आलेला कागद परत करायचा नाही, ही सवय.

बैठक झाली. बैठकीत ओळ मंजूर झाली, सुधारणेसह. ‘आम्ही शक्यतो विचारणार नाही’. चेअरमन म्हणाले की यात भावनाही राहते आणि शिस्तही. काकूंनी विरोधी मत नोंदवायला लावलं. रविवारपर्यंत मास्तर रोज संध्याकाळी खाली गाड्या लावायच्या जागेत तालीम घेत होते, आणि मी वर येऊन लेकीला सांगत होतो की सगळं व्यवस्थित चाललंय. ती खोलीत गिटार वाजवत असायची. एकदा तिने वाजवणं थांबवून विचारलं, “खाली कसला आवाज येतोय?” मी म्हटलं, मास्तरांकडे पाहुणे आलेत.

रविवारी दुपारी आमच्या हॉलच्या भिंतींना गाद्या टेकवल्या होत्या, पडद्यांवर चादरी घातल्या होत्या, आणि मध्ये एका काठीवर मायक्रोफोन उभा होता. ड्रमवाली जमिनीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. लेकीने सात-आठ माणसांची तयारी केली होती. दार उघडलं तर जिना भरलेला होता. चेअरमन कोट घालून आले होते. मास्तरांनी गळ्याभोवती मफलर गुंडाळली होती आणि ते कोणाशी एक शब्द बोलत नव्हते, आवाज राखून ठेवत होते. काकूंबरोबर त्यांची बहीण आली होती, ती या इमारतीत राहतही नव्हती. हा मुद्दा पुढे निघाला.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्यावरची चादर नीट केली.

पहिल्या खेपेला चेअरमननी मायक्रोफोनजवळ जाऊन प्रास्ताविक केलं. ते सगळं रेकॉर्ड झालं. दुसऱ्या खेपेला गाणं वाजलं, कोरसची जागा आली, आणि अर्धा हॉल ‘शक्यतो’ म्हणाला आणि अर्धा म्हणाला नाही, त्यामुळे एक गट दुसऱ्याच्या पुढे निघून गेला. तिसऱ्या खेपेला गाणं संपलं तरी मास्तरांचा गट शेवटचं अक्षर लांबवतच होता. बेसवाला हातातलं वाद्य खाली ठेवून आदराने उभा राहिला, तरी ते चालूच.

लेकीने तेव्हा पहिल्यांदा विचारलं, “हे ‘शक्यतो’ कुठून आलं?”

चेअरमननी ठरावाचा हवाला दिला. काकूंनी ठरावालाच हात घातला. त्यांचं म्हणणं, विरोधी मत नोंदवताना त्यांच्या कुंड्यांचा उल्लेख कोणी केला? चेअरमन म्हणाले, उल्लेख राहू दे, ही तुमची बहीण कोणत्या अधिकाराने ओरडते आहे? बहीण म्हणाल्या की त्या अजून ओरडलेल्याच नाहीत, आणि मग ओरडल्या. मास्तर, ज्यांनी आवाज सकाळपासून राखून ठेवला होता, त्यांनी तो सगळा एकदम खर्च केला आणि म्हणाले की जिथे सुराला किंमत नाही तिथे मी थांबत नाही. मग गाडी कोणाच्या जागेत कोण लावतं हे निघालं, आणि एकदा ते निघाल्यावर आमचा हॉल त्याला पुरेना. सगळेजण तातडीची बैठक घ्यायला खाली गेले. जाताना चेअरमन मला म्हणाले की रेकॉर्डिंग छान झालं, आमचे आवाज तेवढे नीट लावून घ्या.

हॉलमध्ये आम्ही उरलो. ड्रमवालीने जे झालं ते लावून पाहिलं आणि मान हलवली. त्यातलं काही वापरण्यासारखं नव्हतं. तिची दवाखान्यातली ड्युटी तासाभराने सुरू होणार होती. गाणं संध्याकाळी पाठवायचं होतं.

मी लेकीसमोर जाऊन उभा राहिलो. ती चिडेल अशी मी तयारी केली होती. ती म्हणाली, “असू दे, बाबा. तू तुझ्या परीने केलंस.”

हे वाक्य मी रोज ऑफिसात लोकांना ऐकवतो, थोड्या वेगळ्या शब्दांत. ज्या कागदाचं काही होणार नाही, त्याच्या मालकाला आम्ही असंच बोलून परत पाठवतो. आता ही मला पुन्हा कधी काही सांगणार नाही, हे मला अगदी स्पष्ट दिसलं.

तो अबोल बेसवाला तेव्हा बोलला. म्हणाला, एकच माणूस पुष्कळदा ओरडला आणि ते एकावर एक रचलं, तरी गर्दी होते. फक्त माणूस मोठ्या वयाचा पाहिजे. मग तिघंही माझ्याकडे बघायला लागली.

मी तोवर कधी ओरडलेलो नव्हतो. बसमध्ये माझा थांबा गेला तरी मी पुढच्या थांब्यावर उतरून चालत मागे येतो. मी मायक्रोफोनसमोर उभा राहिलो, गाणं कानात वाजलं, आणि मी ओळ म्हटली. ड्रमवाली लॅपटॉपकडे बघत म्हणाली, “काका, काही आलंच नाही यात. तुम्ही म्हणालात ना?” दुसऱ्यांदा आलं, पण ते एखाद्याने खिडकीवर चौकशी करावी तसं आलं.

“काका, तुम्ही शेवटचे कधी चिडला होतात?” तिने विचारलं.

मी आठवू लागलो. स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती, कधीपासून कोणास ठाऊक. ती म्हणाली, “तुमची बढती त्या साहेबांनी दुसऱ्याला दिली, त्या दिवशी घरी येऊन काय म्हणालात? ‘ठीक आहे’ म्हणालात. मी रात्रभर वाट बघितली तुम्ही आणखी काहीतरी म्हणाल म्हणून. ते काय असेल ते आता म्हणा एकदाचं. मलाही ऐकायचंय.”

लेकीने कानावरचे हेडफोन काढले होते. ही गोष्ट तिला माहीत नव्हती. ती आईकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि मग तिने हेडफोन परत चढवून हळूच मान हलवली, सुरू कर म्हणून.

मी ओरडलो. कसा, ते मला सांगता येणार नाही. भिंतीची एक गादी पडली, पण ती बहुधा आधीच सैल झाली होती. ड्रमवालीने हातानेच ‘पुन्हा’ अशी खूण केली. मी पुन्हा ओरडलो, साहेबांसाठी. मग त्या बढती मिळालेल्या माणसासाठी, जो खरं म्हणजे वाईट नाही. मग बसच्या ड्रायव्हरसाठी. माझा स्वतःचा राग संपल्यावर मी दुसऱ्यांचे घ्यायला लागलो. हात पाठीमागे बांधून, पोट पुढे काढून चेअरमनसारखा ओरडलो. काकूंसारखा नाकातून ओरडलो. त्यांच्या बहिणीसारखा, काहीही संबंध नसताना ओरडलो. शेवटचं अक्षर थरथरवत, लांबवत मास्तरांसारखा ओरडलो, तेव्हा लेक जमिनीवर बसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती आणि आवाज रेकॉर्ड होऊ नये म्हणून तिने स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. तिला असं हसताना मी किती वर्षांनी पाहिलं ते सांगत नाही. ड्रमवालीला दवाखान्यात उशीर झाला. गाणं वेळेवर गेलं.

‘नवे रिलीज’मध्ये नाव आलं. ‘गळका नळ’च्या खाली आणि ‘उद्याचा नाश्ता’च्या वर. लिहिणाऱ्याने गिटारबद्दल बरंच काही लिहिलं होतं, ते मी वाचलं. शेवटी लिहिलं होतं, की कोरसमध्ये एक अख्खी इमारत गॅलरीत येऊन ओरडल्यासारखी वाटते, आणि इतक्या वेगवेगळ्या वयांची, वेगवेगळ्या रागांची माणसं या तिघांनी कुठून जमवली?

हे इमारतीत कळलं आणि गाड्यांचं भांडण जागच्या जागी मिटलं. चेअरमननी घरी पाहुण्यांना बोलावून गाणं ऐकवलं आणि स्वतःच्या आवाजाच्या जागी बोट वर केलं. काकूंनी नाकातला आवाज लगेच ओळखला आणि बहिणीला फोन लावून तिचाही ऐकवला. ‘शक्यतो’ कुठे ऐकू येत नाही, अशी चेअरमनना एकदा शंका आली, पण ते वाद्यांच्या गोंगाटात बुडालं असणार, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. जो तो जिन्यात मला थांबवून विचारायचा, तुम्ही कुठे आहात त्यात? मी म्हणायचो, मी माणसं जमवायचं बघत होतो.

किती दिवस माणसाने सहन करावं? रेकॉर्डच्या प्रकाशनाचा कार्यक्रम सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत होता. तिथे सांगून टाकायचं, असं मी ठरवलं. लेकीला तसं म्हटलंही. ती म्हणाली, “सांग ना. खरं तेच आहे.” खोलीत एका बाजूला काळे कपडे घातलेली, ओठांत कड्या अडकवलेली तरुण मुलं आणि दुसऱ्या बाजूला कोट, मफलर आणि पर्स घेतलेली आमची इमारत. मी दोघांच्या मधून मायक्रोफोनकडे निघालो. वाटेत मास्तरांनी माझी बाही धरली.

त्यांच्याबरोबर त्यांची सून होती. ते तिला काहीतरी सांगत होते ते थांबवून मला म्हणाले, “जन्मभर मुलांना गाणं शिकवलं हो, पण कोणी रेकॉर्डवर घेतलं नाही. ही माझी पहिली रेकॉर्ड. तो शेवटी लांबलेला आवाज आहे ना, तो मी. हिला पटत नाही. तुम्ही तिथे होतात, तुम्ही सांगा.”

लेक शेजारीच गिटारच्या तारा जुळवत होती. तिचा हात थांबला.

मी म्हटलं, “म्हणजे काय मास्तर. पहिल्या झटक्यात ओळखू येतो.”

सून हसली. मास्तरांनी मफलर नीट केली आणि खोलीकडे असं पाहिलं की मी पुन्हा मायक्रोफोनच्या वाटेला गेलो नाही. खाली मुलांमध्येच कुठेतरी उभा राहिलो.

मग ते गाणं आलं आणि लेकीने कोरसला वर बोलावलं. अख्खी इमारत पुढे सरकली, बेसवाला भिंतीला चिकटला, आणि सगळे जीव तोडून ओरडले. ते ऐकताना माझ्या लक्षात आलं, की या लोकांनी ती रेकॉर्ड घरी इतक्यांदा ऐकली आहे की आता ते आपल्या आवाजात ओरडतच नाहीयेत. चेअरमन हुबेहूब माझ्यासारखे ओरडत होते. काकूंनी माझं नाक घेतलं होतं. मास्तरांनी शेवटचं अक्षर लांबवलं, ते मी लांबवलं होतं तसं, थरथरीसकट.

लेकीलाही ते त्याच वेळी कळलं असावं. तिने गर्दीत मला शोधलं आणि मी सापडल्यावर तिला हसू आवरेना. पुढची ओळ तिची होती, ती तिला म्हणताच आली नाही. मुलांना वाटलं ती आनंदाने थांबली आहे. मग तिने हातानेच मला खूण केली, ‘तू’. मी खालूनच ती ओळ ओरडलो, माझ्या स्वतःच्या आवाजात, आणि बाजूची एक मुलगी दचकून दोन पावलं मागे सरकली.